गुडघा दुखतोय असं सांगू का?

बोरिवलीच्या एका वाचकांनी लिहिलं आहे. वय ५४. कॉलेजपासून सह्याद्रीत भटकतात. बिल्डिंगमध्ये त्यांची ओळखच ‘ट्रेकवाले’ अशी आहे. भाचा नोकरीसाठी बेंगळुरूला असतो. त्याने डिसेंबरात सगळ्यांना तिकडे बोलावलंय आणि जवळच्या सावनदुर्गाचा बेत आखलाय. ग्रॅनाइटचा उघडा डोंगर. मातीची वाट थोडीच, बाकी कातळावरूनच चढायचं, मधेमधे हात टेकायचे. जाणार सहा जण: हे स्वतः, पत्नी, साडू, साडूंचा चौदा वर्षांचा मुलगा, भाचा आणि त्याची होणारी बायको. ‘मामा आहे म्हटल्यावर नो टेन्शन,’ असं भाच्याने ग्रुपवर टाकूनही झालंय.

अडचण अशी, की गेल्या डिसेंबरात पनवेलजवळच्या कलावंतीण सुळक्याच्या पायऱ्या उतरताना या मामांचे पाय अचानक लटलटायला लागले, डोळे फिरले. ते पायरीवर बसले, बुटाची लेस सोडली, बांधली, पुन्हा सोडली. असं तीनदा. मागच्यांना वाटलं, लेसचाच घोटाळा आहे. हे त्यांनी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, पत्नीलाही नाही. आता विचारतात, गुडघ्याचं निमित्त सांगून बेत टाळू की जाऊन कसंतरी निभावून नेऊ? पुढे लिहितात, ‘तसं बघितलं तर आपला कळसूबाई १६४६ मीटर, हा १२२६. आपल्यापुढे काहीच नाही. साडू म्हणतो एक दोर घेऊ आणि सगळे एकमेकांना बांधून जाऊ. दोन वर्षांपूर्वी चष्मा प्रोग्रेसिव्ह झाला, एवढंच काय ते वय. लिहायलाही लाज वाटते हो.’ ता. क. मध्ये विचारलंय, रेल्वेने जावं की विमानाने?

नमस्कार,

चष्म्याचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, आणि मी नेमकी तिथेच अडकले. प्रोग्रेसिव्ह काचेचा वरचा भाग लांबचं बघायला असतो आणि खालचा वाचायला, म्हणजे हातभर अंतरासाठी. डोंगर उतरताना आपण मान न वाकवता नुसती नजर खाली टाकतो. ती जाते या वाचायच्या पट्टीतून, आणि पाय तर डोळ्यांपासून दीड मीटर लांब. पायरीची कड पुसट होते, कधी वर उचलल्यासारखी दिसते. पायरी नक्की कुठे आहे हे मेंदूला कळेनासं होतं. कलावंतिणीवर पायरीच्या पलीकडे थेट हवाच असते. तिथे मेंदूने ‘थांब’ म्हटलं तर त्याचं काय चुकलं?

जरा आठवून बघा. चष्मा बदलल्यानंतर अशा उघड्या जागेवरून उतरण्याची ती पहिलीच वेळ होती का? स्टेशनच्या पुलावरून उतरताना तुमचा हात हल्ली कठड्याकडे जातो का? जात असेल, तर ज्याला तुम्ही वर्षभर मनातल्या मनात भित्रेपणा म्हणताय त्यातला बराचसा भाग चष्म्याच्या दुकानात सुटेल. फक्त लांबच्या नंबरचा साधा चष्मा करून घ्या, मागे दोरी लावा आणि डोंगरावर तोच घाला. पन्नाशी ओलांडलेल्या सगळ्याच भटक्यांना मी हे सांगत असते.

अर्थात मी डॉक्टर नाही. कानातला तोल, रक्तदाबाच्या गोळ्या, मानेचं दुखणं, यांनीही चक्कर येते, तेव्हा एकदा दाखवून या. आणि समजा सगळं ठीक निघालं, नवा चष्माही झाला आणि तरी भीती उरलीच, तर तीही चालेल. वयाबरोबर उंचीची भीती कुणाला नव्याने वाटू शकते. ती घेऊनही डोंगरावर जाता येतं. ती लपवून जाणं मात्र जड पडतं, त्याच्याकडे मी येतेच.

आधी हा डोंगर. कळसूबाईशी केलेली तुलना मनातून काढून टाका. बेंगळुरू शहरच मुळात समुद्रसपाटीपासून ९०० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे १२२६ या आकड्यातला मोठा हिस्सा तुम्ही रेल्वेत बसूनच चढता. दम काढायच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे, सावनदुर्ग कळसूबाईपुढे छोटा आहे. पण तिथे दमाचा प्रश्नच येत नाही. प्रश्न दगडाचा आहे, आणि तो दगड तुमच्या तीस वर्षांच्या ओळखीतला नाही.

आपला सह्याद्री म्हणजे बेसाल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे: कडा, मग पदर म्हणजे सपाट पट्टा, पुन्हा कडा. कातळटप्पा आला तरी तो दहा-वीस फुटांचा असतो, हाताला खोबणी सापडते, नसेल तिथे कुणीतरी चारशे वर्षांपूर्वी खोदून ठेवलेली असते. आपल्याला भीती घसाऱ्याची म्हणजे सुट्या मुरमाच्या उताराची, सुट्या दगडाची, वाळल्या गवताची. आपले हात सतत काहीतरी शोधत असतात आणि बहुतेक वेळा त्यांना ते मिळतं.

सावनदुर्गाचा ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात सावकाश थंड झाला, सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी. सावकाश थंड झाल्यामुळे त्याचे कण मोठे, डोळ्यांना दिसतील एवढे. वरचं ओझं झिजून गेलं तसा तो कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्याने सुटत गेला, म्हणून या डोंगरांना कोपरे नाहीत, नुसता घुमट आहे. हाताला धरायला काही नाही. जे काही आहे ते बुटाच्या तळाखाली आहे: खरखरीत दगड आणि रबर यांचं घर्षण. (स्वयंपाकघरातल्या ओट्यावरून अंदाज बांधू नका. तो पॉलिश केलेला असतो, आणि बाजारातला काळा ‘ग्रॅनाइट’ भूशास्त्राच्या हिशोबाने बहुतेकदा ग्रॅनाइट नसतोच.)

हे मला कळलं ते हंपीला, मातंग टेकडीजवळच्या एका उतरत्या कातळावर. सह्याद्रीत वाढलेली मी, घाबरले की दगडाला बिलगायचं हेच माहीत. तिथे बिलगले, छाती दगडाकडे नेली आणि पाय सुटून दोन फूट खाली आले. तळहात सोलवटले. पुन्हा बिलगले, पुन्हा तेच. शेजारून दहाएक वर्षांचा एक मुलगा हवाई चपलांत, दोन्ही हात मोकळे, सरळ उभा चालत गेला आणि जाता जाता हिंदीत म्हणाला, ‘खडे रहो, आंटी.’ त्याच्या चपलांची नक्कल करू नका, पण त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. दगडाकडे वाकलं की पाय उताराच्या दिशेने तिरपे ढकलले जातात आणि तळवा घसरतो. ताठ उभं राहिलं की सगळा भार सरळ तळव्यावर येतो, आणि तोच तुम्हाला दगडावर धरून ठेवतो. पावलं अगदी छोटी, टाच खाली, पूर्ण तळवा टेकलेला, कुल्ले दगडापासून लांब. हात टेकले तरी नुसते तोलापुरते.

म्हणजे तीस वर्षांत तुमच्या शरीराला लागलेली सवय इथे नेमकी उलटी पडते. भीती वाटली की तुम्ही वाकणार, आणि वाकलात की घसरणार. नवख्या माणसाला निदान विसरण्यासारखं काही नसतं.

दुसरी गोष्ट उतरण्याची. घुमटाचा उतार वरून खाली जाताना वाढत जातो. माथ्याजवळ चालण्याजोगा वाटणारा कातळ पन्नास पावलांवर तिरपा होतो आणि त्याच्या पुढचं तर दिसतच नाही, कारण दगडाची पाठ आड येते. आपल्याकडे कड्याला कड असते, ती बघून माणूस थांबतो. तिथे कड नसतेच, प्रत्येक पाऊल आधीच्या पावलापेक्षा थोडंसंच वाईट असतं. सावनदुर्गावर कातळावर बाण रंगवलेले आहेत. चढताना ते समोर दिसतात म्हणून कुणाचं लक्ष नसतं. उतरताना मात्र ‘इकडूनही जाता येईल’ म्हणून माणूस दहा फूट बाजूला सरकतो आणि फसतो. तेव्हा चढतानाच दर बाणापाशी मागे वळून बघा, उतरताना ती जागा कशी दिसणार आहे ते. हवं तर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. बाण दिसेनासा झाला तर पुढे शोधत जायचं नाही, शेवटच्या बाणाकडे परत चढायचं, कितीही कंटाळा आला तरी.

उतरायचं ते दरीकडे तोंड करून, गुडघे किंचित वाकवून, तशीच छोटी पावलं टाकत. जिथे मन मानत नाही तिथे सरळ बसा आणि हात मागे टेकून खेकड्यासारखं उतरा. पँट फाटली तर फाटली. एकाच्या बरोबर खाली दुसऱ्याने राहू नये. वरचा घसरला तर खालच्यालाही घेऊन जातो. साडूंचा मुलगा चौदा वर्षांचा आहे, त्या वयात उतारावर पाय आपोआप धावतात. त्याला आधीच सांगा की धावायचं नाही, आणि त्याच्या पुढे, पण थोडं बाजूला, एक मोठं माणूस असू द्या.

आता साडूंचा दोर. त्यांची काळजी खरी आहे, उपाय मात्र घातक आहे. खडकात कुठेही पक्का आधार न घेता सहा जण एकमेकांना बांधले, तर एक घसरल्यावर उरलेले पाच त्याला धरून ठेवतील असं वाटतं. गुळगुळीत उतारावर होतं ते उलटं, एकाच्या हिसक्याने सहाही जण जातात. दोर वापरायचा तर त्याला अँकर म्हणजे खडकातला पक्का आधार हवा, बिले देणारा म्हणजे दोर सांभाळून धरणारा शिकलेला माणूस हवा, कमरेला हार्नेस म्हणजे दोर अडकवायचा पट्टा हवा. ते नसेल तर दोर घरी ठेवा. साडूंना हे तुम्हीच सांगा, सावनदुर्गाला पोचण्याआधी. डोंगराच्या पायथ्याशी मेहुण्यामेहुण्यांचा वाद मी पाहिलेला आहे.

दगड ओला असेल तर वर सांगितलेलं सगळं रद्द. कोरडा ग्रॅनाइट पाय धरून ठेवतो, ओला झाला की सोडून देतो, आणि पाणी वाहून जिथे काळे पट्टे पडलेत तिथे शेवाळ असतं. त्या पट्ट्यांवर कोरड्या दिवशीही पाय नको. बेंगळुरूकडे आपल्यासारखा सप्टेंबरात पाऊस संपत नाही, तो ऑक्टोबरात असतोच, नोव्हेंबरातही येतो. डिसेंबर निवडलात ते चांगलं केलंत, फक्त पहाटेच्या दवात घाई करू नका, कातळावर थोडं ऊन येऊ द्या. मात्र फार उशीरही नको, कारण उघड्या दगडावर सावली नाही आणि दुपारी तो तव्यासारखा तापतो. माणशी तीन लिटर पाणी. कातळावर सुटे बारीक कण साचलेले असतात, त्यावर पाय पडला की छर्‍यांवर पडल्यासारखा सरकतो, बघून चाला. आग्या मोहोळं या भागातल्या कड्यांवर असतात, त्यामुळे अत्तर, धूर, आरडाओरडा नको. आणि बुटाचा तळ अंगठ्याने दाबून बघा. आपले स्वस्त, टिकाऊ, लाडके ट्रेकिंगचे बूट चारपाच वर्षांत दगडासारखे कडक होतात. घसाऱ्यात ते चालून जातात, ग्रॅनाइटवर नाही.

हे इतकं लांबण लावून सांगितलं, कारण त्याशिवाय गुडघ्याच्या प्रश्नाला उत्तर देता येत नव्हतं.

गुडघ्याचं निमित्त सांगितलंत तर काय होईल? बेत रद्द होणार नाही. तिकिटं निघालेली असतील. तुम्ही भाच्याच्या फ्लॅटवर टीव्ही बघत बसाल आणि पाच जण जातील, साडूंच्या हातात दोर असेल. ‘परत फिरू’ असं म्हणायची ज्याची छाती होती तो एकटाच घरी. शिवाय हा गुडघा मुंबईपर्यंत तुमच्या मागे येईल. पुढच्या ट्रेकला लोक विचारणार, पत्नी तेल चोळायला घेणार, आणि एका गुडघ्याखातर तुम्हाला वर्षभर लंगडावं लागणार.

आणि न सांगता गेलात तर? भाचा तुमच्या भरवशावर आहे. तुमच्या पत्नी पाऊल टाकण्याआधी तुमच्या तोंडाकडे बघणार, कारण इतकी वर्षं त्या तसंच करत आल्या असतील. तुम्ही आत घाबरलेले आणि बाहेर निर्धास्त, म्हणजे त्यांना मिळणारी खूणच खोटी. कलावंतिणीवर लेसने वेळ मारून नेली, कारण बसायला पायरी होती. तिरप्या कातळावर लेस बांधायलाही बसता येत नाही.

मला वाटतं, तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे आणि सगळी कोंडी तिथेच आहे: ‘ट्रेकवाले’ असाल तर पुढे तुम्हीच असायला हवं. कुणी सांगितलं? या दगडावर तुम्ही नवशिके आहात, आणि नवशिक्याने लीड करायचं नसतं हे तुम्हीच आजवर शेकडो पोरांना सांगितलं असेल. तुमचं तीस वर्षांचं शहाणपण इथे पायांत नाही, निर्णयात आहे. ढग कधी आले, कोण गप्प झालंय, कुणाचं पाणी संपलंय, हे तुम्हाला इतरांआधी दिसेल. त्यासाठी पुढे असावं लागत नाही, सगळ्यांच्या मागून चांगलं दिसतं.

तेव्हा जा, पण सांगून जा. आधी पत्नीला. त्यांना भाच्याच्या आधी कळायला हवं, आणि मला दाट शंका आहे की लेसची गोष्ट त्यांनी तेव्हाच ओळखलेली आहे. मग भाच्याला फोन किंवा असा साधा मेसेज: ‘अरे, गेल्या वर्षी कलावंतिणीवर उतरताना माझे पाय कापले होते. सावनदुर्गाला येतोय, पण पुढे मी नसेन, तिथल्या माहीतगार माणसाची सोय कर. वाटेतल्या जुन्या किल्ल्याच्या तटबंदीपाशी थांबून कोण पुढे जाणार ते ठरवू. कुणी एक जण नको म्हणाला तर त्याच्याबरोबर एक मोठा माणूस खाली उतरेल, आणि त्यावरून कुणीही कुणाची चेष्टा करणार नाही.’ शेवटची ओळ साडूंसाठी आहे. गाळू नका.

तटबंदी ही थांबायला खरंच चांगली जागा आहे. तिथवर जाईपर्यंत दगड म्हणजे काय ते तळव्यांना कळलेलं असतं. माथ्यावर नंदी आहे, तो तुमच्याशिवायही तिथेच बसलेला असेल. (वाटेत पोराला इतिहास सांगायचा मोह झाला तर जरा जपून. १७९१ च्या डिसेंबरात इंग्रजांच्या कॉर्नवॉलिसच्या फौजेने हा किल्ला टिपूकडून घेतला, आणि त्या युद्धात आपले मराठे इंग्रजांच्या बाजूने होते.)

डिसेंबरपर्यंत हाताशी वेळ आहे आणि नॅशनल पार्क तुमच्या दाराशी आहे. कान्हेरीला लेण्यांच्या मधला उघडा, उतरता खडक आहे. तोही ज्वालामुखीचाच, ग्रॅनाइट नव्हे, पण ताठ उभं राहून छोट्या पावलांनी उतरायची सवय करायला पुरेसा. जिथे जायला मनाई नाही तेवढ्याच भागात, नवा चष्मा घालून, पत्नीला बरोबर घेऊन चारपाच रविवार करा. सोमवारी उद्यान बंद असतं. त्याशिवाय मुंबईत आता कृत्रिम क्लाइंबिंग वॉल आहेत, तिथे एखाद्या प्रशिक्षकाला सांगा की मला वर जायचं नाही, तिरप्या भिंतीवर नुसतं उभं राहायला शिकवा. तो हसणार नाही. तिसऱ्या रविवारीही पाय लटलटले तर तोही एक निकाल समजा आणि भाच्याला सांगा की मामा तटबंदीपर्यंतच येणार आहे.

सावनदुर्ग वनखात्याच्या हद्दीत आहे. कर्नाटक वनखात्याच्या संकेतस्थळावर आधी नावं नोंदवावी लागतात, आणि नियम बदलत असतात, त्यामुळे हे काम भाच्याला आत्ताच द्या. जंगलात अस्वलं आहेत, अंधाराआधी खाली या.

आणि ता. क. चं उत्तर. रेल्वेने जा. उद्यान एक्स्प्रेसला जवळपास चोवीस तास लागतात, सकाळी सीएसएमटीहून निघालात की दुसऱ्या दिवशी सकाळी बेंगळुरू. साडूंना दोराचं समजावून सांगायला तेवढा वेळ लागेलच. पोचलात त्या दिवशी डोंगर नको, अंग आंबलेलं असतं. परतीची उद्यान बेंगळुरूहून रात्री सुटते, म्हणून ‘सकाळी सावनदुर्ग, रात्री गाडी’ असा हिशोब भाचा नक्की मांडेल. तो मान्य करू नका. गाडी गाठायची असली की माणसं उतरताना घड्याळाकडे बघायला लागतात. तिकीट दुसऱ्या रात्रीचं काढा.